फळीची कड पाहा, टाइलची पाठ पाहा

घराचं काम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा सरला की नाशकात घराघरांतून हातोड्याचे आवाज सुरू होतात. या वेळी आलेल्या पत्रांत कुणाला स्वयंपाकघर नवं करायचंय, कुणाचं बाथरूम गळतंय, तर कुणाच्या वाड्याची भिंत फुगलीय. पण बहुतेकांची अडचण एकच आहे: दुकानात सगळंच छान दिसतं, मग चांगलं ओळखायचं कसं? म्हणून या वेळी थोडी सविस्तर उत्तरं.

प्रश्न : आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट पंधरा वर्षं जुना आहे. हॉल 10 बाय 14 फूट, छताची उंची 9 फूट 4 इंच. मोबाइलमध्ये तीनेकशे फोटो साठवून ठेवलेत, पण एकही आमच्या हॉलमध्ये बसेल असं वाटत नाही. कल्पना नेमक्या घ्यायच्या कुठून?
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : फोटो टाकून देऊ नका. त्यांतले दहा निवडा आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य लिहा: यात मला नेमकं काय आवडलं? सोफा, भिंतीचं पॅनेल, की बाजूने येणारा उजेड आणि मोकळी जमीन? बऱ्याच वेळा आवडलेली गोष्ट विकत मिळणारी नसतेच. ती खोलीतल्या मोकळेपणातून येते. मग फर्निचर वाढवून ते घर जवळ येत नाही, उलट दूर जातं.

यानंतर टेप घ्या. तुमची रुंदी 10 फूट, म्हणजे 120 इंच. नेहमीचा सोफा 36 इंच खोल आणि समोरचं टीव्ही युनिट 15 इंच, उरले 69. मधलं टेबल 24 इंचांचं धरलं तर 45 राहतात. सोफा आणि टेबल यांच्यात पाय ठेवायला 15 लागतात, म्हणजे चालायला 30 इंच. एक माणूस कसाबसा जाईल. 32 इंच खोल सोफा आणि 12 इंचांचं युनिट घेतलं तर 37 इंच मिळतात आणि तीच खोली मोठी वाटू लागते. हे कागदावर पटत नाही. रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी जमिनीवर लावून सोफा, टेबल, युनिट यांच्या चौकटी आखा आणि दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी त्या चौकटी न ओलांडता वावरा. कुठे अडतंय ते पहिल्या संध्याकाळीच कळेल.

फोटोतल्या खोल्या बऱ्याचदा 10–11 फूट उंच असतात. तुमच्या 9 फूट 4 इंचांत पूर्ण फॉल्स सीलिंग केलं तर 6 ते 8 इंच जातात, त्याखाली पंखा आणखी फूटभर उतरतो. हात वर करून शर्ट घालणाऱ्या उंच माणसाच्या बोटांना पाती लागतील. तेव्हा भिंतीकडेने दीड-दोन फुटांचा पट्टा करा, मधलं छत तसंच सोडा.

रंग आणि लॅमिनेट दुकानातल्या दिव्याखाली कधीच ठरवू नका. दुकानात पांढराशुभ्र 6500 केल्विनचा प्रकाश असतो, घरात तुम्ही पिवळसर 3000 चे दिवे लावणार. राखाडी दिसलेलं लॅमिनेट रात्री घरी चक्क तपकिरी होतं. फूटभराचे नमुने घरी मागून घ्या. टाइल आडवी जमिनीवर आणि लॅमिनेट उभं भिंतीला टेकवून ठेवा. एकदा सकाळी अकराला बघा, एकदा रात्री आठला. घ्यायचे तेच बल्ब आधी आणून लावा.

आता कल्पनांचं. आपल्या गावाकडे आपलंच लक्ष कमी जातं याची खरंच खंत वाटते. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल एकदा टेप घेऊन बघा. चांदवड आग्रा रोडवर आहे, सकाळी निघून दुपारी परत येता येतं. तिथली नक्षी उतरवून घेऊ नका, प्रमाणं बघा: खांब किती अंतरावर आहेत, ओसरीची खोली किती, उजेड चौकातून आत कसा येतो, कोनाडा जमिनीपासून किती उंचीवर आहे. त्यांतली एक गोष्ट घरात आणली तरी पुरते. कोनाडाच करायचा असेल तर तो 9 इंची विटेच्या भिंतीत, 4 इंच खोलीपर्यंतच करा. खोल्यांमधली बरीच पार्टिशन साडेचार इंची असतात, त्यांत कोनाडा खोदला तर मागच्या खोलीचं प्लास्टर सुटतं. कॉलम आणि बीमला तर छिन्नी लावायचीच नाही. हँडल, कडी-कोयंडे किंवा दिव्याची शेड तांब्या-पितळेची हवी असेल तर जुन्या नाशकातल्या तांबट आळीत जाऊन चौकशी करा. पितळ आणि पितळेचा मुलामा एकाच किमतीत घेऊ नका: आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीने बारीक ओरखडा काढायला सांगा. आत पांढरट किंवा राखाडी धातू दिसला तर तो मुलामा.

प्रश्न : किचनच्या ट्रॉल्या आणि बेडरूमचं कपाट करायचंय. तीन दुकानं फिरलो. प्रत्येक जण म्हणतो, ‘सर, हे वॉटरप्रूफच आहे, 710 आहे.’ भावात मात्र दुपटीचा फरक. सुतार म्हणतो, माझ्यावर सोडा. काय करू?
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सुतारावर काम सोडा, माल सोडू नका. आणि ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला बाजारात काही अर्थ नाही. अर्थ आहे तो फळीवरच्या शिक्क्याला. आयएस 303 हे सर्वसाधारण प्लायचं मानक. त्यात एमआर म्हणजे दमटपणा सोसणारं आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याच्या कसोटीला 8 तास टिकणारं. आयएस 710 हे मरीन प्लाय. त्याची उकळण्याची कसोटी 72 तासांची असते. नुसतं ‘710’ छापलेलं स्टिकर पुरत नाही. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, कुठल्या मालासाठी परवाना आहे आणि तो चालू आहे की संपलाय, सगळं दिसतं. 303 चा परवाना घेऊन फळीवर 710 लिहिलेलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

शिक्का बघून झाला की फळी उभी करून कड बघा. प्लायचे पदर नेहमी विषम असतात. 18–19 मिमीच्या चांगल्या फळीत साधारण 11 ते 13. पदर सारख्या जाडीचे आणि सरळ रेषेत हवेत. मध्येच काळी फट दिसली तर तिथे व्हिजिटिंग कार्ड घालून बघा. ते अर्धा इंच आत गेलं तर आतला पदर तुटका आहे, आणि नेमका तिथेच बिजागरीचा स्क्रू आला तर दोन वर्षांत शटर लोंबकळेल. काही फळ्यांच्या कडा जाड लाल-तपकिरी रंगाने माखलेल्या असतात. दुकानदाराला कोपरा कापून दाखवायला सांगा. आठ बाय चारच्या 18–19 मिमी फळीचं वजन हार्डवूडचं असेल तर 35 ते 40 किलोच्या आसपास भरतं, हलक्या पॉपलरचं 28–30. हलकं म्हणजे वाईट असं नाही, पण पॉपलरची फळी हार्डवूडच्या भावात का घ्यायची? शेवटचं माप कर्णाचं: 96 बाय 48 इंचाच्या काटकोनी फळीचा कर्ण 107 इंच आणि वर तिसरा भाग भरतो. दोन्ही कर्ण मोजा. तीन-चार मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर ती फळी बाजूला काढा.

घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. बीडब्ल्यूआर किंवा 710 म्हणून दाखवलेल्या फळीचा चार इंचाचा तुकडा मागून आणा, जुन्या पातेल्यात झाकण ठेवून आठ तास उकळा, पाणी आटलं तर गरमच पाणी घाला. मग सावलीत वाळवा आणि पदरांत स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून उचकटा. लाकूड तुटलं तर ठीक. पदर पापडासारखे अलग झाले तर डिंक कमी दर्जाचा.

मात्र सगळ्या घराला 710 लावायची गरज नाही, तिथे पैसे वाया जातात. सिंकखालचं कॅबिनेट, ओट्याखालचे उभे भाग आणि बाथरूमची व्हॅनिटी यांना 710. बाकी किचनला बीडब्ल्यूआर. बेडरूमच्या कपाटाला एमआर चालतं, फक्त ते कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून नको. किचनची खालची कॅबिनेट जमिनीवर टेकवू नका. चार इंची पीव्हीसी पायांवर उभी करा आणि पुढे काढता येणारी पट्टी लावा. फरशी पुसताना पाणी आत जातं आणि फळी खालून फुगायला लागते. वाचकांच्या पत्रांतली सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.

कपाटाचा हिशोब. 7 फूट उंच, 6 फूट रुंद, 2 फूट खोल, चार शटरं. आठ बाय चारची एक फळी उभी चिरली की 2 फुटी दोन पट्ट्या निघतात. तीन उभ्या बाजू, वर-खालचे दोन तुकडे आणि सहा कप्प्यांना तीन, अशा आठ पट्ट्या, म्हणजे चार फळ्या. शटरं 18 इंची असल्याने एका फळीत दोनच बसतात, म्हणून आणखी दोन. एकूण सहा फळ्या 18 मिमीच्या, आणि पाठीला 6 मिमीच्या दोन. कुणी नऊ सांगत असेल तर कटिंगचा नकाशा मागा. आणि एक बारीक गोष्ट: करवतीच्या पात्यात 3–4 मिमी जातात, म्हणून 48 इंचांतून 24 च्या दोन पट्ट्या कधीच निघत नाहीत. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच धरा.

बाहेरून 1 मिमी लॅमिनेट लावलंत तर आतूनही 0.8 मिमीचं लावा. एकाच बाजूला लावलं की दोन्ही बाजू वेगवेगळ्या ताणल्या जातात आणि शटर धनुष्यासारखं वाकतं; मग सुतार बिजागरीला दोष देतो. बिजागऱ्या उंचीप्रमाणे: तीन फुटांपर्यंत दोन, पाच फुटांपर्यंत तीन, सात फुटांच्या शटरला चार.

दुकानाचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कंपनी, मानक क्रमांक, जाडी, नग हे सगळं लिहून घ्या. ‘प्लायवूड 6 नग’ एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी कामाला येत नाही.

प्रश्न : आमचं रो हाऊस आहे. वरच्या बाथरूमखाली हॉलच्या छताला ओल येते. ठेकेदार म्हणतो, फोडायची गरज नाही, आहे त्या टाइलवर नवी टाइल लावू आणि सांध्यात केमिकल भरू, चार दिवसांत काम. करावं का?
— वाचक, सिडको

उत्तर : करू नका. टाइलवर टाइल लावता येते, पण ते दिसण्यासाठीचं काम आहे, गळतीवरचा इलाज नव्हे. पाणी खालच्या भरावात साठलेलंच राहतं, वर दीड-दोन सेंटिमीटर जाडी वाढते, आणि बाहेरची जमीन बाथरूमपेक्षा खाली जाते. मग दाराशी पाणी बाहेर येतं.

आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा. तीन शक्यता आहेत आणि प्रत्येकीची परीक्षा वेगळी आहे. पहिली नळाची लाइन: सगळे नळ बंद करून प्लंबरकडून हातपंपाने 7 ते 10 किलो दाब भरून घ्या आणि तासभर गेजकडे बघा. काटा उतरला तर एखादा सांधा गळतोय. दुसरी जमीन: नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून खाली जातं त्या भांड्याचं, तोंड बोळ्याने घट्ट बंद करा, इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि 24 तास बाथरूम वापरू नका. पाणी उतरलं आणि खालची ओल वाढली तर जमीन गळते. पातळी तशीच राहिली, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर ओल आली, तर तिसरी शक्यता, म्हणजे ट्रॅप किंवा त्यापुढचा पाइप. प्रत्यक्षात नहाणी ट्रॅप आणि स्लॅब यांच्यातली फट सगळ्यात जास्त वेळा सापडते, कारण तिथे नुसतं सिमेंट भरलेलं असतं आणि ते पीव्हीसीला धरत नाही.

जमीन गळत असेल तर टाइल आणि भराव काढून स्लॅबपर्यंत जावंच लागतं. घाण, सुटं सिमेंट तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. ट्रॅप आणि प्रत्येक पाइपभोवती इंचभराची खाच मारून ती न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याची दोन इंची गोलाई द्या. काटकोनात लेप नेमका मोडतो आणि तडकतो. मग जमीन ओलसर करून, पण पाणी साचू न देता, सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचा पहिला हात. कोपऱ्यांत फायबरची जाळी त्या ओल्या लेपातच बसवा. चार-सहा तासांनी दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे ब्रशने सुटलेली बारीक छिद्रं झाकली जातात. भिंतीवर फूटभर चढवा, शॉवरच्या दोन भिंतींवर सहा फूट. तुमचं बाथरूम 5 बाय 7 असेल तर जमीन 35, कडेचा फूटभर पट्टा 24 आणि शॉवरचे उरलेले 30, असं साधारण 90 चौरस फूट होतं. या सगळ्यावर लेपाचे दोन हात बसायचे आहेत. पाकिटावरचं कव्हरेज वाचून किती किलो लागेल ते आधीच काढा. निम्मा माल आणून पाणी वाढवत लेप पातळ केला जातो, आणि फसवणूक तिथेच होते. पाकिटं तुमच्यासमोर फोडायला सांगा, रिकामी पाकिटं शेवटपर्यंत ठेवा.

तीन दिवस लेप सुकला की 48 तास पाणी साठवून ठेवा. खाली छत कोरडं राहिलं तरच पुढे. नंतर भराव आणि उतार: 1:80, म्हणजे 5 फुटांत पाऊण इंच. याहून कमी असेल तर पाणी साचतं, जास्त असेल तर बादली सरकते आणि म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. भराव झाल्यावर पुन्हा एकदा 24 तास पाणी ठेवा, कारण गवंड्याच्या घमेल्याच्या कडेने लेप फाटलेला असू शकतो. टाइल चिकटवायला तयार चिकट मसालाच (टाइल अ‍ॅडहेसिव्ह) वापरा, आयएस 15477 चा शिक्का असलेला. टाइलच्या पाठीवर पाच ठिपके सिमेंटचे ठेवून दाबायची पद्धत बंद करा. मधल्या पोकळीत पाणी साठतं आणि टाइल वाजायला लागते. सांधा 3 मिमी ठेवा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. हे सगळं नीट केलं तर चार दिवसांत होत नाही, पंधरा दिवस धरा.

प्रश्न : गुजरातमधल्या मोरबीहून थेट टाइल मागवली तर स्वस्त पडेल असं सगळे म्हणतात. 12 बाय 14 च्या खोलीला दोन बाय दोनच्या किती पेट्या लागतील?
— वाचक, नाशिक रोड

उत्तर : आधी पेट्या. दोन बाय दोनच्या पेटीत चार टाइल असतात, त्या 15.5 चौरस फूट भरतात. खोली 168 चौरस फूट, त्यात तुटफूट 10 टक्के धरली तर 185. म्हणजे 12 पेट्या. स्कर्टिंग लोक विसरतात. परिघ 52 फूट, दार वजा जाता 49. एका टाइलमधून पावणेचार इंचाच्या सहा पट्ट्या, म्हणजे 12 फूट स्कर्टिंग निघतं. तेव्हा पाच टाइल, दोन पेट्या धरा. शिवाय एक पेटी पलंगाखाली ठेवायला. एकूण 15. पाच वर्षांनी एक टाइल तडकली तर त्याच रंगछटेची टाइल बाजारात मिळत नाही.

एका खोलीसाठी थेट मोरबीला जाऊ नका. पेटीचं वजन 25 ते 30 किलो, वाटेत फुटलेला माल कुणाचा हा वाद, आणि परत करण्याची सोय नाही. पूर्ण इमारतीचं काम असेल किंवा चार शेजारी मिळून घेत असाल तर विचार करा. कुठूनही घ्या, पेटीवरचे तीन शब्द वाचा: बॅच, शेड आणि कॅलिबर. तिन्ही सगळ्या पेट्यांवर सारखे हवेत. कॅलिबर म्हणजे टाइलचं खरं माप. ते वेगळं असेल तर सांधे वाकडे जातात आणि गवंडी शिव्या खातो.

टाइल उलटी करा. पाठीवर शाईचा थेंब टाकून दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, डाग जवळजवळ निघून जातो. डाग पसरला तर ती भिंतीची सिरॅमिक आहे, जमिनीवर कपाट सरकवलं की तडकेल. मग दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धरा. मध्ये उजेडाची रेघ दिसली तर टाइल वाकलेली आहे. दोन बाय चारच्या टाइलला हा दोष जास्त. त्या विटेसारख्या अर्ध्यावर सरकवून लावू नका, एक तृतीयांशावर लावा. नाहीतर वाकलेल्या मध्यावर शेजारच्या टाइलची कड येते आणि अनवाणी पायाला बोचते.

प्रश्न : आमचा जुना वाडा आहे. खालच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून तीन फूट ओल, पांढरं मीठ येतं. दोनदा सिमेंट प्लास्टर करून पुट्टी आणि रंग दिला, दोन्ही वेळा दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटले. आता भिंतीला टाइल लावायचा विचार आहे.
— वाचक, पंचवटी

उत्तर : टाइल लावू नका. तुमच्या वाड्याची भिंत माती, वीट आणि चुन्याची आहे. ती जमिनीतलं पाणी शोषते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंट प्लास्टर, पुट्टी, प्लास्टिक पेंट यांनी बाहेर पडायची वाट बंद होते, मग पाणी आणखी वर चढतं आणि मीठ प्लास्टरच्या मागे साचून त्याला ढकलतं. टाइल लावली तर आज तीन फुटांवर असलेली ओल पाच फुटांवर दिसेल, आणि भिंतीत रुतलेल्या सागवानी खांबाच्या, तुळईच्या टोकापर्यंत पोहोचेल. खरी हानी ती आहे.

पहिलं काम भिंतीवर नाही, बाहेर आहे. गल्लीत रस्त्यावर रस्ता चढत जाऊन जोत्याच्या वर आलाय का ते बघा. पन्हळीचं पाणी भिंतीशी पडतं का, गटार तुंबतं का, मोरीचा पाइप फुटलाय का, हे सगळं आधी. गोदेच्या पुरात घरात पाणी येत असेल तर भिंत पूर्ण वाळायला महिने लागतात. गोदापात्रातल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं त्या वर्षी दिवाळीला रंग द्यायचा नाही, एवढं पक्कं ठरवा.

मग जमिनीपासून ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत सगळं सिमेंट प्लास्टर काढून टाका आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. मीठ कोरड्या ब्रशने झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलं तर ते विरघळून पुन्हा आत जातं. नंतर चुन्याचं प्लास्टर: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू, वाळूतला काही भाग सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा. चुना निदान तीन आठवडे मुरलेला हवा. कच्चा असेल तर भिंतीवर फोड येतात. एका थराची जाडी 10–12 मिमीच्या वर नेऊ नका, दोन थरांत करा आणि आठवडाभर गोणपाटाने ओलसर ठेवा. हिवाळ्याचे दिवस यासाठी चांगले. एप्रिलच्या उन्हात चुना वाळतो, पण धरत नाही. वरून चुन्याची सफेदी, तीन-चार पातळ हात. मीठ पहिली एक-दोन वर्षं थोडं येईल, ते झाडून एक हात पुन्हा द्यायचा. हे प्लास्टर झिजतं आणि भिंत वाचवतं, त्याचं काम तेच आहे.

खांबाचा तळ काँक्रीटमध्ये पुरू देऊ नका. दगडी तळखड्यावर तो मोकळाच राहू दे.

प्रश्न : ओट्याची उंची किती ठेवावी? आणि स्टीलच्या ट्रॉलीला मॅग्नेट चिकटलं नाही म्हणजे 304 समजायचं का?
— वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : मॅग्नेटवर विसंबू नका. 304 आणि 202 या स्टेनलेस स्टीलच्या दोन जाती. त्यांतली हलकी 202 सुद्धा मॅग्नेटला फारशी चिकटत नाही, आणि 304 ची तार जिथे वाकवलेली असते तिथे ती थोडी चिकटते. मँगनीज तपासायचा द्रव आणि छोटी बॅटरी असलेला संच मिळतो. थेंब टाकला की 202 वर लाल होतो. दुकानदाराला तारेच्या कापलेल्या टोकावर करून दाखवायला सांगा आणि बिलावर ‘304’ लिहून घ्या. ओली भांडी ठेवायच्या ट्रॉलीला 304 च हवं. 202 ला वेल्डिंगच्या जागी तपकिरी डाग लवकर येतात.

ओट्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या माणसाने घरातल्या चपला घालून उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं. त्यातून 4 ते 6 इंच वजा करा. 5 फूट 1 इंच उंचीच्या बाईंचं कोपर साधारण 38 इंचांवर येतं, म्हणजे ओटा 33 च्या आसपास. शेगडी वरून आणखी 4–5 इंच उंच असते, म्हणून शेगडीच्या बाजूला कमी उंचीकडे झुकलेलं बरं. सिंकचा तळ खोल असतो, ती बाजू दोन इंच उंच केली तर पाठ वाकत नाही. माप नेहमी नव्या फरशीपासून धरा. जुन्या फरशीवरून माप घेतलं आणि वर नवी टाइल आली की ओटा दीड-दोन इंचांनी बसका होतो. कडप्प्याचा थर ठरवताना वरचा 18 मिमी ग्रॅनाइट आणि खालचा अर्धा इंच मसाला वजा करायचा, म्हणजे कडप्पा पक्क्या उंचीच्या सव्वा इंच खाली बसवायचा. हे माप भिंतीवर पेन्सिलीने लिहा, कामगार बदलला तरी ते तिथेच राहतं.